मोराचा डबा

आंबी,
१२ जून १९२७

मुक्ते, तुला नि भिमाला नंदाचा पोटभर आशीर्वाद.

हे पत्र आमच्या शाळेचे महिपती मास्तर लिवत्यात. त्यास्नी पयलंच बजावलंय, मी बोलीन तसं उतरवा, मधी तुमचं शुद्धबिद्ध घुसडू नका.

तुझं कार्ड पोचलं. आंबीच्याच, भिमाच्या शेडातल्या हौशीरामाच्या बायकूनं नवऱ्याला निळ्या फुलांचा इनॅमलचा डबा घेतला, दुसरीनं जर्मनचा, हलक्या अल्युमिनचा, घेतला, आन माझा भाऊ तेवढा फडक्यात भाकर बांधून इंजनाच्या शेडात जातो, ह्ये ऐकून माझ्या जीवाला लागलं. आई-बा गेल्यावर त्याला म्या वाढवलाय. रेल्वेत लागलेला आमच्या घरातला पयला माणूस त्यो. सा म्हयनं कच्ची नोकरी, मंग डागदर तपासणार, मंग पक्की. तवर त्यानं चार माणसांत मान खाली घालून जेवायचं व्हय?

तवा हौशीरामासंगं डबा धाडलाय. माझाच. लग्नात बानं पुण्याच्या तांबटाकडनं घडवून दिलेला, पितळंचा, तीन पुडांचा. झाकणावर मोर कोरलाय. त्याचा पिसारा बघ, येक येक डोळा मोजून घे. तुझ्या दाजींनी अकरा वर्सं त्यो तळेगावच्या काचंच्या कारखान्यात नेला. त्ये गेल्यापास्नं तीन वर्सं पेटीत पडून हाय. तुमच्या त्या निळ्या फुलाचा चार दिसांत टवका उडंल, आन जर्मनात आंबट घातलं की काळं पडतं. ह्या डब्याला काय व्हत न्हाई. लोकांच्या पितळंला दर चार म्हयन्यानं कल्हई लागती, माझ्या म्हायेरच्या डब्याला अकरा वर्सांत येकदाबी लागली न्हाई. अख्ख्या आंबीला इचार.

तुझे दाजी त्यो आतनं सवता धुवून आणायचे, मला हात लावू द्यायचे न्हाईत. भायेरनं मी चिंच-राखंनं घासायची. आता तू आतबाहेर घास, सोन्यावानी ठेव. घरातली बाई कशी हाय, त्ये लोकांना डब्यावरनं कळतं.

तुझी,
नंदावन्सं

(डब्याची ही कीर्ती मी दर दिवाळीस ऐकत आलो आहे. महिपती.)


लोणावळे,
३ जुलै १९२७

वन्संच्या पायांवर मुक्ताचं डोकं.

डबा पोचला. हौशीरामभाऊंनी तो घोंगडीच्या आत धरून आणला, पावसाचा थेंब लागू दिला नाही.

वन्सं, काय सांगू तुम्हांला! मी तो चुलीपुढे ठेवून नुसती बघत बसले, भाकरी करपली तरी कळलं नाही. मोराच्या पिसाऱ्यात एकवीस डोळे आहेत. दोनदा मोजले. बुडालासुद्धा बारीक ठिपक्यांची गोल नक्षी आहे. जिथं कुणी बघणार नाही तिथंही त्या कारागिरानं कसर ठेवली नाही! शेडात दुपारी सगळे एका फळीवर ओळीनं डबे ठेवतात. पहिल्याच दिवशी म्हातारे ड्रायव्हर साहेब खाली उतरून मोर बघून गेले म्हणे. आता ह्यांना सगळे ‘मोरवाले’ म्हणतात. घरी येऊन ह्यांचं हे मला तीनदा सांगून झालं, आणि मी तिन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

माझ्या माहेरी, औंढ्याला, घरात मडकी नि लोखंडी तवा. पितळेची काय ती एक घागर, तीही पाण्याची. तेव्हा घागरीसारखाच हा घासते. उघडला तेव्हा आतून पांढुरका दिसला, मधेमधे चट्टे पडलेले. तीन वर्षांचा मळ बसला असेल म्हणून चिंच, राख नि नारळाची शेंडी घेऊन रोज पाठीस लागले. आता आतूनही सोन्यासारखा लखलखतो. तोंड दिसतं त्यात.

एक विचारायचं राहिलं. शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या, “ती पांढरी म्हणजे कल्हई असते, गेली असेल तर करून घे.” ह्यांना विचारलं तर म्हणाले, “आक्का लागत नाही म्हणते ना, मग लागत नाही.” तरी तुमच्या कानावर घातलं. ह्यांना आंबटाची किती आवड ते तुम्ही जाणताच. रोज मधल्या पुडात कढी नाहीतर अंबाडीची भाजी असते.

तुमची,
मुक्ता


आंबी,
१० जुलै १९२७

मुक्ते, शाबास!

आतनं तोंड दिसंपत्तर घासलास, ह्ये वाचून माझी छाती अशी फुगली की मास्तर हसाया लागले. औंढ्याची पोर घर सांभाळंल का न्हाई, अशी मला लगीन ठरताना शंका व्हती. आता न्हाई.

त्या लीलाबाईला म्हनावं, तुझं पांढरं तुझ्यापाशी ठेव. पांढरं व्हतं त्ये पेटीतलं किटण. कल्हई लागायची असती तर तुझ्या दाजींनी मला सांगितलं नसतं का? बोलायचे कमी, पर डब्याची लय निगा त्यांची. कल्हईवाल्याच्या दारात त्यो डबा न्हेलास तर बा वरनं बघंल नि म्हनंल, माझ्या लेकीच्या डब्याला ठिगळं लावत्यात.

भिमाला कढी भरपूर घाल. ल्हानपणी वाडग्याला तोंड लावून प्यायचा.

नंदावन्सं


लोणावळे,
२४ जुलै १९२७

वन्संना मुक्ताचा नमस्कार.

मोठ्या काळजीत लिहिते आहे. गेल्या मंगळवारी हे शेडात जेवले आणि तासाभरात ओकायला लागले. पोट धरून बसले. आम्हांला वाटलं पावसाळी हवा, पाणी बाधलं असेल. पण शुक्रवारी पुन्हा तेच. ह्या खेपेला इंजिन पुसता पुसता घेरी येऊन खाली पडले. नशीब म्हणायचं, इंजिन थंड होतं.

मुकादम म्हणाले, “भिमाजी, तू कामाला वाघ आहेस. पण तिसऱ्यांदा असं झालं तर मला वर कळवावं लागेल. अशक्त माणसाला डॉक्टर पास करत नाहीत.” तपासणी पंधरा सप्टेंबरला आहे. वन्सं, मला रात्रंदिवस ती तारीखच दिसते.

एक गोष्ट मनातून जात नाही. रविवारी हे घरीच जेवतात. तीच कढी, तीच भाकरी, माझाच हात. आणि रविवारी ह्यांना काहीसुद्धा होत नाही. लीलाबाई म्हणतात, बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं, ते पोटात गेलं की विष. मी ह्यांच्याशी तो विषय काढला तर हे नुसते डब्याकडे बघत राहिले. तुम्हीच सांगा काय करू.

मुक्ता


आंबी,
२७ जुलै १९२७

मुक्ता,

ह्या पत्रात मी गोड बोलनार न्हाई.

अकरा वर्सं माझा नवरा त्या डब्यात जेवला. भट्टीपुढं उभा राहून काम करायचा, पर येक दिस त्याला ओकारी आली न्हाई. डबा त्योच, मोर त्योच. बदललं काय, तर सैपाक करणारी. आता मी काय समजायचं? ताक किती दिसांचं घेतीस? अंबाडी निवडून धुतीस का तशीच टाकतीस? शेजारणीच्या नादानं माझ्या बाच्या वस्तूला विष म्हनतीस, तुझ्या जिभंला हाड हाय का न्हाई?

माझ्या भावाची नोकरी जायची येळ आली. मी आता वाट बघणार न्हाई. गोकुळअष्टमी झाली की हौशीरामासंगं हितं निघून ये. डागदराची तपासणी व्हईस्तवर भिमा खाणावळीत जेवंल. तू माझ्या हाताखाली चुलीपाशी बस आन शीक. मंग बघू परत कवा धाडायचं त्ये.

नंदाबाई

(बाईंनी सांगितले तसेच लिहिले आहे. माझा इलाज नाही. महिपती.)


लोणावळे,
९ ऑगस्ट १९२७

वन्संच्या पायांवर डोकं ठेवूनच हे लिहिते, म्हणजे वाचताना तुम्ही ते ध्यानात ठेवाल.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. उठले आणि म्हटलं, बघूनच टाकू. ताजं ताक केलं. एकाच भांड्यात कढी केली. अर्धी डब्याच्या मधल्या पुडात ओतली आणि अर्धी लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत, रिकामी करून, उकळत्या पाण्यानं धुऊन. दोन्हींना झाकण लावून दुपारपर्यंत ठेवलं, जसा डबा शेडात राहतो तसा.

दुपारी बरणीतली कढी जशीच्या तशी होती. डब्यातल्या कढीला कडेनं हिरवट झाक आली होती. बोट बुडवून चाटलं तर तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखं झालं. पण एका बोटानं तुमची खात्री पटणार नाही. माझीही पटली नसती. म्हणून मी ती वाटीभर प्याले.

वन्सं, अर्ध्या तासात मी चारदा ओकले. लीलाबाईंनी माझं डोकं धरलं होतं आणि दर ओकारीला मला शिव्या घालत होत्या. हे झोपेतून उठून आले. सगळा प्रकार ऐकला आणि उंबऱ्यावर बसले. म्हणाले, “आक्काला कोण सांगणार?” इंजिनाखाली सरपटत जातात, तेव्हा भीत नाहीत. तुम्हांला भितात!

तेव्हा मीच सांगते. आज नऊ दिवस हे फडक्यात भाकरी नि बरणीत कढी नेतात. शेडात हसतात सगळे, ‘मोर उडाला, बरणी बसली’ म्हणतात. हसू देत. नऊ दिवसांत ह्यांना एकदाही काही झालं नाही.

डबा हौशीरामभाऊंसोबत परत धाडते आहे. तो तुमचा आहे, तुमच्या बाबांचा आहे, दाजींचा आहे. तुमच्या शब्दाशिवाय मी त्याला कल्हई लावणार नाही. फक्त आत बघा. चूक माझ्या घासण्याची असेल तर ती माझी. पण माझ्या हाताला दोष असता, तर तुम्ही सांगायच्या आधी मी चुलीपासून उठले असते. मी अष्टमीला येणार नाही. ह्याला उलट बोलणं म्हणायचं तर म्हणा.

मुक्ता


आंबी,
२२ ऑगस्ट १९२७

माझ्या गुणाच्या पोरी,

मास्तर, लिवा. लाज वाटतीया, तरी लिवा.

मुक्ते, तुझं पत्र ऐकलं नि माझ्या डोक्यात जाळ झाला. म्हनलं, ह्या पोरीला दाखवतेच. बाजारच्या दिशी डबा काखंत मारला नि तळेगावला गेले. कल्हईवाला असतो ना पारापाशी, भाता लावून बसतो, त्येच्याकडं. मनात असं, की चार माणसांत त्येच्या तोंडून वदवून घ्यावं, ह्या डब्याला कल्हई लागत न्हाई म्हनून. आन मंग तुला कळवावं.

म्हातारा झालाय आता. त्यानं डबा हातात घेतला, मोरावर अंगठा फिरवला आन म्हनला, “हा तर रखमाजीचा डबा! तीन वर्षं होता कुठं?”

मी म्हनलं, तुमी माझ्या मालकांचा डबा कसा वळखता? तो म्हनला, “बाई, अकरा वर्षं दर चार महिन्यांनी हा माझ्या भट्टीवर येत होता.” मी म्हनलं, खोटं बोलू नका, म्हाताऱ्या माणसाला शोभत न्हाई. तवा त्यानं डबा उपडा केला. बुडाला ती ठिपक्यांची नक्षी हाय न्हवं, तू लिवली व्हतीस ती? मी जल्मभर त्याला तांबटाची कारागिरी समजले. ती ह्या म्हाताऱ्याची खूण. येक कल्हई, येक ठिपका. त्यानं मला बोट धरून मोजाया लावलं. तेहतीस ठिपके भरले.

मुक्ते, तवा मला आठवलं. वर्सातनं दोन-तीनदा मालक रिकाम्या हातानं घरी यायचे. म्हनायचे, “डबा कारखान्यात इसरला.” आन मी त्यांच्या अंगावर धावून जायची. माझ्या बाचा डबा, तुमाला किंमतच न्हाई, डोकं धडावर हाय का त्येबी तितंच ठिवून आलाव! त्ये गप ऐकून घ्यायचे, पाय धुवायचे, ताटावर बसायचे. दुसऱ्या दिशी डबा घरी. आतनं पांढरा लख्ख. आन मी आंबीभर सांगत हिंडायची, बघा, माझ्या म्हायेरच्या डब्याला कल्हई लागत न्हाई.

म्या कल्हईवाल्याला इचारलं, मला सांगितलं का न्हाई त्यांनी? तो म्हनला, “मीही एकदा विचारलं होतं. हसला. म्हणाला, घरच्यांच्या माहेरचा डबा आहे, त्यांना वाटतं त्याला कल्हई लागत नाही. वाटू दे, माझं काय जातं?”

मी तितंच भर बाजारात बसून रडले. अकरा वर्सं त्या माणसाला भुलक्कड म्हनले. त्याच्या माघारीबी म्हनले.

आता तुझं. तुझ्या हाताला मी नाव ठेवलं, त्ये मागं घेते. मास्तरांदेखत घेते, कारन बढाईबी त्यांच्यादेखतच मारली व्हती. तू वाटीभर विष प्यालीस, निस्तं खरं काय त्ये कळावं म्हनून. म्या त्या डब्यात येकदा बोट घालून बघितलं न्हाई आन तुला अक्कल शिकवत बसले! बाई, तुझी कमाल हाय. माझ्या भावाला दहा गावं धुंडून अशी बायकू मिळाली नसती. आन मला तोंडावर ‘येणार न्हाई’ म्हनालीस, त्येबी मला आवडलं. मनापास्नं सांगते.

डबा परत धाडलाय. म्हाताऱ्यानं माझ्यासमोर तापवला, नवसागर टाकला, कापसाच्या बोळ्यानं अशी कल्हई फिरवली की बघत ऱ्हावं. चौतिसावा ठिपका मारला. त्यानं सांगितलंय, आतल्या अंगाला चिंच नि शेंडी लावायची न्हाई, मऊ फडकं नि पाणी बास. आंबट मातूर बरणीतच राहू दे.

आन येक ध्यानात ठेव. भिमा कवा डबा इसरून आला, तर त्याला बोलू नगंस. माझं लय बोलून झालंय.

तुझी,
नंदा

(सांगताना बाई दोनदा थांबल्या. मीही थांबलो. महिपती.)


लोणावळे,
१६ सप्टेंबर १९२७

वन्सं, आधी वाचा आणि मग देवापुढे साखर ठेवा: काल डॉक्टरांनी ह्यांना पास केलं! नोकरी पक्की झाली. डॉक्टर म्हणाले, छाती बैलासारखी आहे. तेव्हापासून हे घरातही छाती काढून चालतात.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. दाजींचं आलं तिथं हे भिंतीकडे तोंड करून बसले. वन्सं, मी दाजींना पाहिलं नाही, माझं लग्न व्हायच्या आधीच ते गेले. पण आता डबा भरताना रोज त्यांची आठवण येते. असा माणूस बघायला मिळाला असता तर किती बरं झालं असतं.

फळीवर पुन्हा मोर आला आहे. शेजारी बरणीही असते, दोघांची जोडी जमली आहे. चाळीतल्या बायका आता डबा घ्यायच्या आधी मला विचारायला येतात, म्हणजे बघा! मी सांगते, निळं फूल हवं तर खुशाल घ्या, देखणंच आहे ते. पण आतून बोट फिरवून बघा आणि टवका उडालेला असला तर तिथंच ठेवा. जर्मन हलका, भाकरी-चटणीला झकास, ताकाला नको. आणि पितळ घेणार असाल तर आधी कल्हईवाला शोधून ठेवा. हौशीरामभाऊंच्या बायकोनं तर आपल्या डब्याची तिन्ही पुडं माझ्यापुढे मांडून एकेक तपासून घेतलं.

लीलाबाई म्हणतात, तुझ्या नणंदेला माझा नमस्कार लिही, आणि पांढरं माझ्यापाशीच ठेवलं आहे म्हणून कळव.

तुमची,
मुक्ता


लोणावळे,
२८ डिसेंबर १९२७

वन्संना मुक्ताचा नमस्कार.

आज फार लिहीत नाही, एवढंच कळवायचं होतं.

काल संध्याकाळी हे शेडातून आले ते बरणी तेवढी घेऊन. डबा हातात नव्हता. दारातच उभे राहिले, माझ्याकडे न बघता खुंटीकडे बघत म्हणाले, “डबा शेडात विसरला.”

ऑगस्टपासून चार महिने झाले, ते मी बोटांवर मोजलं होतं. कल्हईला टाका म्हणून आज-उद्या ह्यांना सांगणारच होते. पण तुमचं पत्र आठवलं आणि मी काही बोलले नाही. पाय धुवायला ऊन पाणी दिलं. ताट केलं. मग कढी वाढायला बसले, आणि हे पुरे पुरे म्हणत होते तरी वाढतच राहिले.

तुमची,
मुक्ता